उद्यमनगरचा आराखडा करताना: आधी काय, मग काय

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगर या जुन्या कारखाना वस्तीच्या पुनरुज्जीवनाची बैठक लागली की पहिल्या दहा मिनिटांत टेबलावर रंगीत चित्र येते. प्रवेशाला कमान, दोन्ही बाजूंना झाडे, मधोमध काचेची इमारत. त्या चित्रात कातकामाचे लेथ यंत्र दिसत नाही, माल उतरवणारा टेम्पो दिसत नाही, दुपारी डबा उघडून बसायची सावलीही दिसत नाही. पुढची सगळी चर्चा चित्राभोवती फिरते: एफएसआय (जागेच्या प्रमाणात बांधकाम) किती, खर्च कोणाचा, कमानीला नाव कोणाचे. वर्षभराने फाइल कपाटात जाते. मी अशा बैठकांना बसलो आहे आणि पाहणीसाठी गल्ल्याही फिरलो आहे. चूक दर वेळी एकच असते. जी पायरी शेवटची, ती आपण पहिली घेतो.

म्हणून खाली पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. समोर शिवाजी उद्यमनगर आणि त्याला लागलेला यादवनगर, पार्वती टॉकीज, शाहू मिल हा पट्टा धरला आहे. इचलकरंजीच्या यंत्रमाग वस्तीला किंवा दुसऱ्या शहरातल्या जुन्या औद्योगिक भागालाही क्रम हाच लागेल, तपशील तेवढे बदलतील.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. उद्यमनगरची खरी मिळकत तिथल्या जवळिकीत आहे. गळिताच्या हंगामात एखाद्या गुऱ्हाळघराच्या चरकाचे गिअर मोडते. मालक सकाळी ते टेम्पोत टाकून आणतो. एका गाळ्यात वेल्डिंगने दाता भरला जातो, पलीकडच्या गल्लीत तो कापला जातो, तिसरीकडे चावीची खाच पडते, कोपऱ्यावरच्या दुकानात बेअरिंग मिळते आणि दिवस मावळायच्या आत चरक पुन्हा फिरतो. ही सगळी कामे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत म्हणून हे जमते. यातला एक दुवा शहराबाहेर शिरोलीला गेला आणि एक कागलला, तर त्याच कामाला तीन दिवस लागतील. आराखड्यातला प्रत्येक निर्णय या कसोटीवर घासून बघा: याने जवळीक टिकते की तुटते?

पायरी १. हद्द दोन आखा, जबाबदार माणूस एक नेमा

नकाशावर एकच रेघ मारून कामाला लागू नका. आतली हद्द म्हणजे ज्या भागाचे नियम आणि रस्ते बदलायचे तो भाग. बाहेरची हद्द म्हणजे ज्याच्याशी या भागाचा रोजचा व्यवहार आहे तो सगळा परिसर: जिथून ओतीव माल येतो त्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत, सांडपाणी ज्यात जाते तो नाला आणि कामगार जिथून येतात त्या गावांचे केएमटी (महापालिकेची बससेवा) व एसटीचे मार्ग. बाहेरच्या हद्दीत आपण काही बांधणार नसलो तरी तिथे घडलेले इथे उमटते.

१९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियमानुसार शहरात नियोजन प्राधिकरण महापालिका आहे. उद्योजकांच्या संघटनेने कितीही चांगला आराखडा केला तरी महापालिकेच्या ठरावाशिवाय तो निवेदनच राहतो. उलट महापालिकेने एकटीने केला तर गाळेवाले त्याला आपला मानत नाहीत. दोघांचा संयुक्त कक्ष करा आणि त्यात पूर्ण वेळ काम करणारी किमान दोन माणसे ठेवा. समितीत जागामालक, भाडेकरू कारागीर, कामगार, शेजारचे रहिवासी, महावितरण आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ हवेतच. भाडेकरूंना विसरण्याची सवय फार जुनी आहे. मालकाला बोलावले की भाडेकरू आलाच, असे गृहीत धरले जाते. दोघांचे हित पुष्कळदा उलट दिशेला असते.

तपासा: आयुक्त बदलले, संघटनेचा अध्यक्ष बदलला, तरी फाइल कोणाच्या टेबलावर राहील? एका माणसाचे नाव सांगता आले नाही तर पुढे जाऊ नका.

पायरी २. गाळा-गाळा फिरून पाहणी

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. निदान सहा महिने. बहुतेक आराखडे इथेच फसतात, कारण पाहणी कार्यालयात बसून होते.

मालमत्ता कराच्या नोंदवहीवरून यादी करू नका, वीजमीटरवरूनही करू नका. आम्ही एकदा पहिली यादी मीटरवरूनच केली होती. नंतर आत शिरलो तर एका मीटरमागे तीन कारागीर निघाले: पुढे दुकान, मध्ये लेथ, मागच्या पडवीत एकजण पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचा नमुना, करतो. कागदावर तिघांचा मिळून एकच गाळा. त्या यादीवर आराखडा झाला असता तर दोघांच्या पोटावर पाय पडला असता आणि आम्हाला ते कळलेही नसते. आम्ही यादी फाडली आणि पुन्हा पहिल्या गल्लीपासून सुरुवात केली.

प्रत्येक गाळ्यात एवढे लिहून घ्या:

- काम नेमके काय? ‘इंजिनिअरिंग’ असे लिहू नका. टर्निंग (लेथवरचे कातकाम), गिअर कटिंग, ग्राइंडिंग, पॅटर्न, हार्डनिंग (तापवून कडक करणे), प्लेटिंग (धातूचा मुलामा), सुटे भाग विक्री, असे वेगळे लिहा.
- यंत्रे कोणती, सर्वांत जड यंत्र कोणते, धक्क्याचे किंवा आवाजाचे काम आहे का?
- किती माणसे, कोणत्या पाळीत, कुठून येतात?
- माल कशातून येतो, कधी येतो, उतरवायला किती वेळ लागतो?
- तेल, ॲसिड, वाळू, लोखंडी चुरा शेवटी कुठे जातो?
- जागा स्वतःची, भाड्याची की पोटभाड्याची? कधीपासून?
- मालकाचे वय किती आणि पुढे चालवणारे घरात कोणी आहे का?

शेवटचा प्रश्न अवघड वाटतो, पण वीस वर्षांच्या आराखड्यात तोच जास्त सांगून जातो. ज्या गल्लीत निम्मे कारागीर साठीच्या पुढचे आहेत आणि मुले दुसऱ्या धंद्यात गेली आहेत, त्या गल्लीत रस्ता नवा करून काहीच साधत नाही. तिथे कळंब्याच्या आयटीआयमधून शिकाऊ मुले आणण्याची आणि चालू गाळा पुढच्याच्या हाती देण्याची व्यवस्था आधी लागते.

मग कामांचा माग काढा. दहा-बारा प्रत्यक्ष जॉब निवडा आणि प्रत्येकाबरोबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरा. कोणत्या गाळ्यातून कोणत्या गाळ्यात गेला, हातगाडीवर की दुचाकीवर, किती वेळ थांबला, कोणत्या टप्प्यासाठी उद्यमनगराबाहेर जावे लागले. नकाशावर हे बाण काढले की ठराविक गाळ्यांपाशी बाणांची गर्दी होते. ते गाळे दिसायला साधे असतात. एखादे हार्डनिंगचे दुकान, जुन्या यंत्रावर एकटाच बसणारा गिअर कापणारा. तो गेला की वीसजणांचे काम अडते. अशा दुव्यांची वेगळी यादी करा. पाचव्या पायरीत ती लागणार आहे.

पाहणी एकाच मोसमात आटपू नका. ऊस हंगामाच्या आधीची घाई आणि भर पावसातला सुस्त काळ, दोन्ही बघा. सकाळी नऊला एकदा आणि संध्याकाळी सहाला एकदा जा. चहाच्या टपऱ्या, वडापावच्या गाड्या, भंगारवाले यांचीही नोंद घ्या. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यांना आराखड्याबाहेर ठेवून नंतर अतिक्रमण म्हणून उठवणे कायद्यातही बसत नाही आणि माणुसकीतही.

सावधान: पाहणी करणाऱ्याच्या हातात टेप दिसली की पहिला प्रश्न येतो, “मोजायला आलाय का उठवायला?” याचे खरे उत्तर आधी ठरवून जा. ‘कोणालाही हलवणार नाही’ असे खोटे आश्वासन देऊ नका. ‘पर्यायी जागा तयार झाल्याशिवाय कोणाला हलवणार नाही’ हे समितीच्या ठरावात लिहून घ्या आणि त्याची प्रत खिशात ठेवा.

तपासा: तुमच्या यादीतले गाळे आणि कराच्या नोंदवहीतले गाळे तंतोतंत जुळले, तर पाहणी झालीच नाही असे समजा.

पायरी ३. जागेचे कागद

प्रत्येक भूखंडाची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. कडेच्या जमिनींचे सातबारे काढा. मग नकाशा चार रंगांत रंगवा: मालकी स्पष्ट, भाडेपट्टा किंवा संस्थेची जागा, वाटणीचा अथवा कोर्टाचा वाद, सरकारी किंवा महापालिकेची. पहिल्या टप्प्यातली सगळी कामे स्पष्ट मालकीच्या आणि सार्वजनिक जागांवर बसली पाहिजेत. वादातल्या जागेवर कितीही सुंदर सुविधा केंद्र आखले तरी ते कागदावर राहील.

जुन्या भाडेकरूंना १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असू शकते, पोटभाडेकरूचे मात्र हाल असतात. त्याच्याकडे बहुधा पावतीच नसते. त्याचा पुरावा म्हणून तुमची पाहणीची नोंद उपयोगी पडेल, म्हणून तिच्यावर तारीख, सही आणि फोटो हवाच.

बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेबद्दल वेगळी काळजी घ्या. औद्योगिक जागेचा वापर बदलताना कामगारांची कायदेशीर देणी चुकती झाल्याचा कामगार विभागाचा दाखला लागतो. हा कागद शेवटी मागितला की प्रकल्प दोन-दोन वर्षे अडतो. पहिल्या महिन्यात मागा.

शाहू मिलबद्दल दोन शब्द. १९०६ साली स्थापन झालेली ही गिरणी बंद आहे, जागा मोठी आहे आणि शहराच्या मधोमध आहे, म्हणून प्रत्येकाच्या आराखड्यात ती रिकामी पाटी म्हणून येते. कोणी तिथे वाहनतळ आखतो, कोणी स्थलांतरित गाळे. तिथे राजर्षी शाहू महाराजांच्या स्मारकाचा प्रस्ताव आहे आणि जागेचा निर्णय शासनाच्या हाती आहे. तुमचा आराखडा त्या जागेशिवाय उभा राहील असा करा. पुढे तिचा काही भाग मिळाला तर आनंदच.

पायरी ४. माती, पाणी आणि पूर

ही पायरी लोक सर्रास गाळतात. “इतकी वर्षे माणसे काम करतायत, काही झालंय का?” असे म्हणतात. कारखान्याच्या जागी बालवाडी किंवा घरे यायची असतील तर हा प्रश्न असा उडवून लावता येत नाही.

आधी प्रत्येक भूखंडाचा कामाचा इतिहास जुन्या कारागिरांकडून लिहून घ्या: इथे आधी काय चालायचे, प्लेटिंगचे हौद कुठे होते, जळके तेल कुठे ओतायचे, भट्टीची वाळू कुठे टाकली. जुन्या फाउंड्रीची वाळू आसपासच्या खड्ड्यांत भराव म्हणून टाकणे ही सर्रास चालणारी गोष्ट होती. ओल्या वाळूच्या साच्यात बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी असते, रेझिनच्या वाळूत फिनॉलसारखी रसायने राहू शकतात. प्लेटिंगच्या जागी क्रोमियम, निकेल, जस्त शोधावे लागते, आणि क्रोमियममध्येही षट्संयुजी प्रकार वेगळा तपासावा लागतो. जास्त विषारी तोच आहे.

मातीचे नमुने घेताना वरचा थर खरवडून थांबू नका. आपल्याकडे वर भराव, त्याखाली काळी माती, मग मुरूम आणि खाली काळा पाषाण. मूळ जमीन लागेपर्यंत प्रत्येक थराचा वेगळा नमुना घ्या. विहिरी आणि बोअरचे पाणी दोनदा तपासा, एकदा मे महिन्यात पाणी खोल असताना आणि एकदा पावसाळा सरल्यावर. एकाच वेळेच्या नमुन्यावर भरवसा ठेवू नका, पाण्याची पातळी बदलली की त्यातले प्रमाणही बदलते. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम २०२५ मध्ये आले आहेत. काही सापडले तर ते झाकू नका, मंडळाला कळवा. घातक ठरलेला गाळ साध्या कचऱ्यात जाणार नाही, तो रांजणगावसारख्या मान्यताप्राप्त केंद्रातच पाठवावा लागतो. त्याचा वाहतूकखर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा.

पत्र्यांकडेही बघा. जुन्या शेडवरचे करडे सिमेंटचे पत्रे म्हणजे बहुधा ॲस्बेस्टॉस. ते घण घालून फोडू नयेत. पाणी मारून, अखंड उतरवून, जाड प्लास्टिकात बांधून ठेवावेत. तोडकाम करणाऱ्या ठेकेदाराच्या करारात हे शब्दशः लिहा, कारण ती धूळ त्याच्या मजुरांच्या छातीत जाते.

आता पाणी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. म्हणजे तुमच्या गाळ्याच्या दारात पाणी आले नाही तरी ओतीव माल येणे थांबते आणि तयार माल अडकतो. म्हणून दोन गोष्टी करा. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर चढवा, आणि नाल्याच्या कडेच्या जुन्या लोकांना विचारून २०१९ ला पाणी प्रत्यक्ष कुठवर आले होते त्या खुणा भिंतींवरून टिपा. नदी चढली की तिला मिळणाऱ्या जयंती नाल्याचे पाणी मागे फुगते, हे विसरून केलेली गटारयोजना पहिल्या पुरात उघडी पडते.

तपासा: पावसाचे पाणी आणि कारखान्याचे सांडपाणी आज एकाच गटारात जाते का? जात असेल तर ते वेगळे करण्याचा खर्च, आणि तेलाचे सापळे बसवण्याचा खर्च, रस्त्याच्या काँक्रिटच्या आधी लिहा.

पायरी ५. काय राहील, काय बदलेल, काय जाईल

नकाशावर अजून एकही इमारत काढू नका. आधी तीन याद्या करा.

राहणाऱ्यांत दुसऱ्या पायरीतले दुवे पहिले येतील: हार्डनिंग, गिअर, ग्राइंडिंग, पॅटर्न, दुरुस्ती, सुट्या भागांची दुकाने. बदलणाऱ्यांत तेच काम स्वच्छ पद्धतीने करू शकणारे येतील, जसे सामाईक सांडपाणी प्रक्रियेवर येणारे प्लेटिंगवाले. जाणाऱ्यांत मोकळी भट्टी, मोठा धूर, रात्रीचा मोठा धक्का असलेली कामे. जाणाऱ्यांसाठी जागेचा पत्ता आणि तारीख दिल्याशिवाय तिसरी यादी जाहीर करू नका.

इथे सर्वांत घातक चूक होते ती ‘मिश्र वापर’ या गोड शब्दामुळे. खाली कारखाना, वर फ्लॅट, सगळे खूश, असे वाटते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतले आकडे वाचा. औद्योगिक भागात मर्यादा दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, निवासी भागात ५५ आणि ४५. गल्लीचा पट्टा (झोन) बदलला की पन्नास वर्षे चाललेला प्रेस एका रात्रीत बेकायदा ठरू शकतो. तक्रार करणारा नवा रहिवासी चुकीचा नसतो, त्याला झोप हवी असते. चूक त्या दोघांना एका भिंतीला लावणाऱ्या आराखड्याची असते.

म्हणून आवाजाच्या उतरंडीने मांडणी करा. धक्क्याची कामे मध्यभागी, त्याभोवती टर्निंग-ग्राइंडिंग, मग सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रे) व जुळणी, मग दुकाने आणि कार्यालये, आणि घरे द्यायचीच तर अगदी बाहेरच्या रस्त्याला, मधल्या दुकानांच्या आडोशाने. नव्या घरांच्या परवान्यात एक अट घाला: शेजारी कारखाने आहेत हे माहीत असून जागा घेतली, आणि आवाज अडवण्याच्या खिडक्या-भिंतींचा खर्च विकसकाचा.

बहुमजली गाळ्यांचा विचार जरूर करा, जागा कमी आहे. मात्र ती इमारत फ्लॅटसारखी बांधून चालणार नाही. घराची स्लॅब साधारण २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर भाराला धरतात, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २०० किलो. भारतीय मानकात हलक्या यंत्रांच्या मजल्याला ५, मध्यम यंत्रांना ७ आणि जड यंत्रांना १० किलोन्यूटन धरायला सांगितले आहे. जड लेथ, शेपर आणि प्रेस तळमजल्यावर. वर छोटी सीएनसी, जुळणी, तपासणी प्रयोगशाळा, पॅटर्न. मालाची लिफ्ट प्रवासी लिफ्टपेक्षा आधी ठरवा. टेम्पो थेट लिफ्टच्या तोंडाशी लागला पाहिजे, नाहीतर वरचे गाळे गोदामे होतील आणि पुढे हळूच कार्यालये.

मुंबईच्या गिरणगावाचा धडा एवढाच घ्या: १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जागेचा एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला असे सूत्र होते. २००१ मध्ये ते फक्त मोकळ्या जागेपुरते केले गेले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. सार्वजनिक वाटा काही पटींनी घटला तो एका शब्दाच्या अर्थाने. तुमच्या नियमात ‘जागा’ म्हणजे काय, याची व्याख्या पहिल्या ओळीत लिहा.

पायरी ६. कायद्याचे हत्यार निवडा

काय हवे ते ठरले, आता कोणत्या कलमाने मिळेल ते बघा. उलटा क्रम लावला तर सोपे कलम हातात येते आणि आराखडा त्याच्या मापाने कापला जातो.

छोटा बदल असेल, उदाहरणार्थ एका रस्त्याची रुंदी किंवा एका भूखंडाचा वापर, तर त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ३७ खालचा फेरबदल. सूचना प्रसिद्ध होते, हरकतींना एक महिना मिळतो, मग प्रस्ताव शासनाकडे. गल्ल्या सरळ करायच्या, भूखंड जुळवायचे आणि सगळ्यांनी थोडी-थोडी जागा सोडायची असेल तर नगर रचना योजना. वेळ लागतो, लवाद नेमावा लागतो, पण ओझे एकाच्या डोक्यावर पडत नाही. दाट, तुकड्या-तुकड्यांच्या वस्तीला मला हाच मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो. औद्योगिक पट्ट्यात निवासी किंवा व्यापारी वापर अटींवर देण्याची तरतूद २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहे. ती तशीच सोडली तर पाचव्या पायरीतली उतरंड एकेका परवान्याने मोडत जाईल, म्हणून या भागापुरते विशेष नियम शासनाकडून मंजूर करून घ्या.

सावधान: आरक्षण टाकले म्हणजे जागा मिळाली असे नाही. कलम १२७ नुसार दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपते. पैसा दिसत नसेल तर आरक्षणे थोडी टाका आणि जी टाकाल ती घ्या.

पायरी ७. पैसा

दोन हिशेब वेगळे ठेवा, बांधायचा आणि चालवायचा. बांधायला योजना मिळते. केंद्राच्या सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास कार्यक्रमात सामाईक सुविधा केंद्राला अनुदान आहे, त्यासाठी उद्योजकांना स्वतःची कंपनी स्थापून आपला हिस्सा घालावा लागतो. चालवायला मात्र कोणी देत नाही. महागडे मोजमाप यंत्र येते, चालवणारा मिळत नाही, मिळाला तर पगार परवडत नाही, आणि यंत्रावर कापड पडते. म्हणून अर्ज करण्याआधी पाच वर्षांचा चालू खर्च आणि तो कोणत्या दरातून निघेल हे गाळेवाल्यांसमोर मांडा. वापराची लेखी हमी देणारे पुरेसे नसतील तर ते यंत्र मागू नका.

वाढीव एफएसआयच्या अधिमूल्यातून (त्यासाठी भरायच्या जादा शुल्कातून) येणारा पैसा याच भागात खर्च व्हावा, यासाठी महापालिकेच्या अर्थसंकल्पात वेगळे लेखाशीर्ष मागा. तोंडी आश्वासनावर अवलंबून राहू नका.

पायरी ८. खोदकामाचा क्रम

जमिनीखालचे आधी, वरचे नंतर. सांडपाणी, पावसाची गटार, पाणी, वीज, फायबर, आणि मग रस्ता. हे सगळ्यांना माहीत असते, तरी काँक्रिट झाल्यावर तीन महिन्यांत ब्रेकर येतोच. उपाय एकच: सर्व विभागांची सह्यांसह खोदकाम पत्रिका, आणि रस्त्याच्या कडेला केबल-नळांसाठी रिकामे डक्ट.

एका वेळी एकच गल्ली घ्या. पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत, त्यानंतर ऊस हंगामाच्या तयारीची गर्दी. खोदायला खरा काळ डिसेंबर ते मे. हंगामाआधीच्या दोन महिन्यांत गल्ली बंद केलीत तर कारागिराची वर्षाची कमाई बुडते, आणि तो पुढच्या कोणत्याही बैठकीला येणार नाही.

तात्पुरते गाळे पहिले बांधा. पंधरा-वीस गाळ्यांची एक साधी शेड, त्रिफेज विजेसह, उद्यमनगरातच किंवा चालत जाण्याच्या अंतरावर. पहिली गल्ली तिथे हलते, नवी होते, परत येते, मग दुसरी जाते. ही शेड शेवटपर्यंत मोडू नका. यंत्र हलवणे, पाया घालणे, लेव्हल करणे याचा खर्च प्रकल्पातून द्या. लेथ टेबलासारखा उचलून ठेवता येत नाही.

वर्षांचे टप्पे साधारण असे धरा: पहिली दीड वर्षे पाहणी, कागद, माती, पाचव्या वर्षापर्यंत गटार, वीज, तात्पुरती शेड आणि दोन गल्ल्या, बाराव्या वर्षापर्यंत बहुमजली गाळे आणि उरलेल्या गल्ल्या, कडेच्या व्यापारी-निवासी इमारती सर्वांत शेवटी. विकसक हा क्रम उलटा मागेल, कारण त्याचा पैसा शेवटच्या टप्प्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मध्यवस्तीत कार्यालयांना जागा लागणारच, त्यामुळे हा रेटा वाढेल. कडेच्या इमारतींचा परवाना आतल्या गाळ्यांच्या भोगवटा दाखल्याशी (इमारत वापरायच्या परवानगीशी) बांधून टाका.

पायरी ९. दर वर्षी तेच मोजा

दुसऱ्या पायरीतले दहा-बारा जॉब दर वर्षी त्याच महिन्यात पुन्हा चालत जाऊन तपासा. गिअर सकाळी आले तर संध्याकाळी परत गेले का? किती टप्प्यांसाठी बाहेर जावे लागले? गाळ्यांची संख्या, शिकाऊ मुलांची संख्या, भाड्याचा दर, नाल्याच्या पाण्याचा तपास, एवढे पाच-सहा आकडे पुरतात. ते महापालिकेच्या फलकावर आणि संघटनेच्या दारात मराठीत लावा.

सलग दोन वर्षे एखादा दुवा निसटताना दिसला, म्हणजे हार्डनिंगवाल्याचे भाडे दुप्पट झाले किंवा गिअर कापणाऱ्याला वारस नाही, तर पुढच्या टप्प्याचा पैसा थांबवून आधी तिकडे वळवा. हा अधिकार समितीला पहिल्याच ठरावात द्यावा लागतो, नंतर कोणी देत नाही. पहिल्या पाहणीच्या वह्या, बाणांचा नकाशा आणि मातीचे अहवाल यांच्या तीन प्रती करा: एक नगर रचना विभागात, एक संघटनेच्या कार्यालयात आणि एक शहरातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, जिथे दहा वर्षांनी नव्याने काम हाती घेणाऱ्या पोराला ती मागता येईल.